काटा, फॅट मशीन आणि ब्राउझर: डेअरीतल्या सिरियल पोर्टच्या नोंदी

गाव कोल्हापूरजवळचं, करवीर तालुक्यातलं, गगनबावडा रस्त्याला बालिंग्याच्या पुढं. दूध संस्था छोटी, दीडशेच्या आसपास सभासद. सचिव माझे मामा. जुनं सॉफ्टवेअर एका पहाटे बंद पडलं, देणाऱ्यानं फोन उचलायचं सोडलं, आणि मामांनी मला बोलावलं. "तू कंप्युटरचंच शिकलायस न्हवं?" शिकलोय खरं, पण मी वेबसाइट करतो. सिरियल पोर्ट, म्हणजे यंत्रातली माहिती तारेवरनं एकेक बिट करून पाठवणारं जुन्या पद्धतीचं सॉकेट, मी तोवर फक्त चित्रात बघितला होता.

वही मांडून ठेवली होती, तीच इथं उतरवतोय. चुका काढलेल्या नाहीत.

३ जून

आहे ते सामान बघितलं. काटा ६० किलोचा, वर स्टीलची बादली ठेवून शून्य केलेली. सभासद किटली त्या बादलीत ओततो, वजन झालं की मापाडी बादली उचलून गाळणीतनं कॅनमध्ये रिकामी करतो. काट्याच्या मागं नऊ पिनांचं सॉकेट. शेजारी दुधातलं फॅट मोजणारं फॅट मशीन, अल्ट्रासोनिक, त्यालाही नऊ पिनांचं सॉकेट. पीसी जुना, चार जीबीचा, मदरबोर्डवर सिरियल पोर्टच नाही.

काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आणि तारेचं सील आहे. मामांनी पहिल्यांदा तेच दाखवलं. "ह्याला हात लावायचा न्हाई." म्हणजे आतलं काही उघडायचं नाही, जे काय करायचं ते बाहेरच्या सॉकेटवरनं.

वेब अ‍ॅपच का? चेअरमनना घरून आकडे बघायचेत, सभासदांना मोबाइलवर बिल हवंय, असं मी बैठकीत सांगितलं. खरं कारण, मला दुसरं काही येत नाही.

ब्राउझरमधून थेट सिरियल पोर्ट वाचायची सोय, वेब सिरियल, क्रोमच्या ८९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. त्याआधी जावा अ‍ॅप्लेट नाहीतर पीसीवर वेगळा छोटा प्रोग्रॅम ठेवून त्याच्याशी बोलावं लागायचं. ब्राउझरवर जमलं नाही तर तो दुसरा मार्ग आहेच, असं ठरवून सुरुवात केली. मामांना सांगितलं, आठ दिवसांत होईल.

५ जून

पीसीवरचं चोरीचं विंडोज काढून उबुंटू २२.०४ हे लिनक्स टाकलं. कोल्हापुरात राजारामपुरीतून यूएसबी ते सिरियल केबल आणली, आत सीएच३४० चिप, ३२० रुपये. घरी लॅपटॉपला लावून बघितली, ओळखली. डेअरीत पीसीला लावली, गायब. लावल्यावर क्षणभर दिसते आणि लगेच जाते.

केबल बदलून आणली. तेच. पीसीचे सगळे यूएसबी पोर्ट फिरून झाले. तेच. साडेतीन तास गेले.

उबुंटू २२.०४ मध्ये अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रांसाठी बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज आधीपासून असतं. एका ब्रेल यंत्राची यूएसबी ओळख आणि सीएच३४० ची ओळख एकच आहे. त्यामुळं ते पॅकेज आपली केबल ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतं. कर्नलच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, मी लॉग बघितला सगळ्यात शेवटी. पॅकेज काढलं, केबल लगेच दिसली. माझ्या लॅपटॉपवर ते पॅकेज नव्हतं, एवढाच फरक.

मग पोर्ट उघडायला परवानगी नाही. वापरकर्त्याला डायलआउट, म्हणजे सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या, ग्रुपमध्ये घालावं लागतं आणि त्यानंतर लॉगआउट करून परत आत यावं लागतं. हे दुसरं मी विसरलो. त्यात आणखी अर्धा तास.

६ जून

केबल दिसते, पोर्ट उघडतो, काट्यावरनं एक अक्षर येत नाही.

मल्टिमीटर नव्हता, ४५० रुपयांचा घेतला. या सगळ्या कामात सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे ह्या सिरियल जोडणीच्या पद्धतीत, पाठवणारी तार मोकळी असताना पाचव्या पिनच्या, म्हणजे ग्राउंडच्या, मानानं उणे व्होल्टेज दाखवते. काट्याच्या सॉकेटवर तिसऱ्या पिनला उणे साडेआठ व्होल्ट. यूएसबी केबलच्या टोकाला, तिथंही तिसऱ्याच पिनला उणे साडेपाच. म्हणजे दोघंही तिसऱ्या तारेवर बोलतायत आणि दुसऱ्या तारेवर कान लावून बसलेत. सरळ केबल जोडून कुणाचं कुणाला कसं ऐकू येणार?

दोन आणि तीन उलटे करून नवी केबल घरी डाग देऊन केली. कनेक्टर चार घेतले, १२० रुपये. एक डाग देतानाच वितळला. पाच मीटर तीन तारांची साधी वायर.

जोडताक्षणी स्क्रीनवर अक्षरं धो धो. मामा मागं उभे. "आलं की रं!" त्यांनी चहा सांगितला.

९ जून

घरच्या लॅपटॉपवर सर्व्हर, डेअरीतल्या पीसीवर ब्राउझर, मधे वायफाय. पानावर "तुमच्या ब्राउझरमध्ये सिरियलची सोय नाही" हा माझाच संदेश. परवा ह्याच ब्राउझरमध्ये चाललं होतं.

परवा पान लोकलहोस्टवरनं, म्हणजे त्याच पीसीवरनं, उघडलं होतं, आज १९२.१६८ वाल्या पत्त्यावरनं. वेब सिरियल फक्त सुरक्षित पानाला मिळतं, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट. साध्या एचटीटीपी पत्त्यावर ब्राउझर चूकसुद्धा दाखवत नाही, ती वस्तूच जागेवर नसते.

सर्व्हर डेअरीतल्या पीसीवरच टाकला. तसंही गावात पावसाळ्यात नेट दिवसदिवस नसतं. नोंद जागेवर होते, नेट आलं की वर जाते. मला हा अडथळा आला ते बरंच झालं, नाहीतर मी सर्व्हर शहरात ठेवून बसलो असतो.

११ जून

आजचं जरा सविस्तर लिहितो.

काट्याचं माहितीपत्रक हरवलंय. वेग ९६०० बॉड, एका अक्षराला आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, असं धरून चाललो कारण नेहमी तेच असतं. काट्याला किलो आणि लिटर असे दोन मोड आहेत, तपासणीपुरता किलोवर ठेवला. संस्थेतलं पाच किलोचं लोखंडी वजन ठेवलं. स्क्रीनवर अधिक चिन्ह, ००५.०० आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ते शेवटचं म्हणजे ओळ संपल्याची काहीतरी खूण असेल म्हणून सोडून दिलं. काटा जुळला, असं वहीत लिहून घरी आलो.

घरी आल्यावर मामांचा फोन. "दूध ठेवल्यावर नुसती चौकोनं येत्यात."

परत गेलो. पाच किलो ठेवलं, बरोबर. वीस किलो ठेवलं, दोनच्या जागी प्रश्नचिन्ह, शून्यं बरोबर. मग बादलीत थोडं थोडं पाणी घालत प्रत्येक आकडा बघितला आणि वहीत मांडलं. ०, ३, ५, ६, ९ नीट येतात. १, २, ४, ७, ८ येत नाहीत. कधीही नाही. पाच किलोच्या वजनात नेमके शून्य आणि पाचच होते!

केबल खराब असती तर कुठलाही आकडा कधीही बिघडला असता. हे तर ठरवून बिघडतंय. आलेले बाइट, म्हणजे अक्षरांचे कोड, हेक्समध्ये बघितले: एकच्या जागी ३१ ऐवजी बी१, दोनच्या जागी ३२ ऐवजी बी२. सगळीकडं फक्त सगळ्यात वरचा बिट लागलेला. शून्य, तीन, पाच, सहा, नऊ यांच्या कोडात एकांची संख्या सम आहे, बाकीच्यांत विषम. म्हणजे काटा सात डेटा बिट आणि सम पॅरिटी (एकांची संख्या सम व्हावी म्हणून वरचा जादा बिट) पाठवतोय, आणि मी पॅरिटीचा बिटही अक्षराचा भाग म्हणून वाचतोय. शेवटचं ते प्रश्नचिन्ह म्हणजे कॅरेज रिटर्न, ओळ संपल्याची खूण, त्यातही एकांची संख्या विषम.

पोर्ट उघडताना डेटा बिट सात, पॅरिटी सम एवढं सांगितलं. सगळे आकडे सरळ.

कुणी हे करत असेल तर पाच किलोवर थांबू नका. ज्यात शून्य ते नऊ सगळे आकडे एकदा येतील अशी वजनं ठेवून बघा.

१४ जून

वजन अधूनमधून भलतंच. १२.४८ असताना एकदम १२.४, मग ८, मग परत १२.४८.

काटा नऊ बाइटची एक ओळ सेकंदाला दहा वेळा पाठवतो. ब्राउझर मात्र ओळीनं देत नाही, हाताला लागतील तेवढे बाइट देतो. कधी अख्खी ओळ, कधी दोन ओळी आणि तिसरीचं शेपूट, कधी अर्धीच. मी आलेल्या प्रत्येक तुकड्याला आकडा समजत होतो.

आता तुकडे साठवतो, ओळ संपल्याची खूण आली की तेवढं कापून घेतो, लांबी बरोबर नसेल तर ती ओळ टाकून देतो. एक ओळ गेली तर काय बिघडतंय, सेकंदाच्या दहाव्या भागात दुसरी येते. सलग पाच ओळींत तोच आकडा आला की वजन स्थिर झालं असं धरायचं आणि तेव्हाच नोंदवायचं.

तीन तास. हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

१८ जून

फॅट मशीन. हे एका नमुन्याला पाऊण मिनिट घेतं आणि मग एकदाच चारपाच ओळी पाठवतं: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), घनता, घातलेलं पाणी. वेग २४०० बॉड, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होता. जोडणी तासाभरात झाली. दर काढायचं गणित सोपं, गाय फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५, म्हैस ६.० आणि ९.०, तिथनं वरखाली दरपत्रकाप्रमाणं.

अडलं भलतीकडंच. दुसरी केबलही मी त्याच दुकानातून, तीच घेतली. ब्राउझर पानाला पोर्टचं नाव किंवा नंबर सांगत नाही, फक्त यूएसबी कंपनीचा आणि मालाचा क्रमांक सांगतो. दोन्ही केबलींचा क्रमांक एकच. काटा कुठला आणि फॅट मशीन कुठलं हे पानाला कळायला मार्गच नाही. येणारी अक्षरं बघून ओळखायचा प्रयत्न केला, पण फॅट मशीन नमुना लावल्याशिवाय तोंड उघडत नाही.

शेवटी काट्याला एफटीडीआय चिपची केबल घेतली, १,४५० रुपये. आता ०४०३ दिसला की काटा, १ए८६ दिसला की फॅट मशीन. मामांना किंमत सांगितल्यावर ते बराच वेळ केबलीकडं बघत होते. "हिच्यात काय सोनं हाय व्हय?"

२२ जून

पहिलं खरं संकलन, सकाळी सहा वाजता. शेजारी मापाडी दाजी जुन्या पद्धतीनं वहीत लिहीत होते. ७८ सभासद, ७६ जुळले. उरलेल्या दोघांत दाजींचीच चूक, वही नंतर दुरुस्त केली. दाजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

२७ जून

तात्यांची किटली ओतली तरी आकडा हलेना. काट्याच्या स्वतःच्या डिस्प्लेवर ९.७०, माझ्या पानावर ७.१५. पान जिवंत दिसतं, बटणं चालतात, वजन तेवढं गोठलेलं. पान ताजं केलं की पुन्हा सुरू.

दिवसातनं चारपाच वेळा व्हायला लागलं. कधी होतं ते कळेना. मग दाजीच म्हणाले, "कूलरचं मशीन सुरू झालं की हुतंय." दूध थंड ठेवणाऱ्या बल्क कूलरचा कंप्रेसर! मी दाराशी उभा राहून बघितलं, कंप्रेसरनं धक्का घेतला आणि आकडा थांबला. माझी पाच मीटरची साधी वायर कंप्रेसरच्या वायरीला चिकटून भिंतीवरनं गेलेली. सोयीचं पडलं म्हणून मीच खिळे मारले होते.

दोन चुका होत्या. एक तारेची: शील्डेड, म्हणजे वरनं धातूचं वेष्टण असलेली, वायर घेतली, पाच मीटर, २२५ रुपये, समोरच्या भिंतीवरनं फिरवली, शील्ड एकाच टोकाला ग्राउंडला जोडली. दुसरी माझ्या कोडची. धक्क्यानं एखादा बाइट मोडला की ब्राउझर फ्रेमिंगची (अक्षराचा सुरुवात-शेवट जुळत नसल्याची) चूक देतो आणि वाचायचा प्रवाह तिथंच संपवतो. पण पोर्ट बंद झालेला नसतो. पोर्टकडून नवा प्रवाह मागायचा असतो आणि वाचत राहायचं असतं. माझं वाचन एका फेरीचं होतं, चूक आली की बाहेर. आता बाहेर आणखी एक फेरी आहे: पोर्ट जोपर्यंत प्रवाह देतोय तोपर्यंत परत परत घ्यायचा.

मला जास्त टोचलं ते हे की पान ७.१५ दाखवत बसलं होतं आणि ते खोटं आहे हे कुणालाच कळत नव्हतं. रिकामं दाखवलं असतं तर दाजी लगेच ओरडले असते. म्हणून प्रत्येक ओळीवर आल्याची वेळ टाकली. एक सेकंद नवी ओळ नाही आली तर आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा, आणि नोंदवायचं बटण बंद.

ह्यानं शिळ्या आकड्याचा प्रश्न कायमचा मिटला असं मी त्या दिवशी वहीत लिहिलंय.

३० जून

आठ दिवस सगळं जुळलं. दाजींची वही बंद केली. मीच सांगितलं बंद करा म्हणून.

४ जुलै

सकाळी पावणेआठ. घरी जाऊन परत आलेल्या आक्का, हातात स्लिप. रोज सहा-सव्वासहा लिटर घालतात, स्लिपवर ८.३५.

"माझ्या म्हशीनं राच्च्यात दोन लिटर वाढीवलं व्हय रं?"

त्यांच्या आधीच्या माणसाची स्लिप काढली. ८.३५.

पोटात गोळा आला. जास्त लागलेलं दूध सांगायला आक्का परत आल्या. कमी लागलेल्याला कळलंसुद्धा नसेल.

दिवसभर डेअरीतच बसलो. पाण्यानं भरलेल्या बादल्या उचलून ठेवत प्रयोग केले. एकेक करून ठेवलं तर कधीच चुकत नाही. गर्दीसारखं घाईत केलं की चुकतं, तेही दर वेळी नाही. दुपारी तीनच्या सुमारास सापडलं.

वजन नोंदवलं की माझं कोड स्लिप छापायला आणि फॅटचा निकाल यायला थांबायचं. त्याच फेरीत पुढची ओळ वाचणं होतं, म्हणजे तेवढा वेळ पोर्ट वाचणंही थांबायचं. काटा थोडाच थांबतोय? तो सेकंदाला दहा ओळी पाठवतच राहतो. त्या सगळ्या रांगेत साचतात, थोड्या ब्राउझरकडं, बाकीच्या लिनक्सकडं, आणि वाचन परत सुरू झालं की आधी त्या जुन्याच निघतात. सगळ्यात पुढं असतात त्या आधीच्या माणसाची बादली अजून काट्यावर होती तेव्हाच्या. सलग पाच सारख्या? पन्नास सारख्या आहेत. माझा स्थिरतेचा नियम एका क्षणात पास.

एरवी ह्या जुन्या ओळी पुढच्या सभासदाचा नंबर टाकेपर्यंत वाहून जायच्या. पण दाजी आता सरावले होते. गर्दी असली की स्लिप छापत असतानाच पुढचा नंबर टाकून मोकळे व्हायचे. नंबर तयार, पाच ओळी तयार, नोंद झाली. नव्या माणसाची किटली अजून हातातच.

आणि माझी ती वेळेची खूण? ती ओळ मी वाचली तेव्हाची होती, काट्यानं पाठवली तेव्हाची नव्हे. पाऊण मिनिट जुन्या ओळीवर आत्ताची वेळ. काट्याच्या ओळीत वेळ नसतेच.

५ ते ७ जुलै

वही परत सुरू केली. दाजी काही बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

दुरुस्ती:

वाचणारी फेरी आता कशासाठीच थांबत नाही. ती फक्त वाचते आणि शेवटची ओळ एका जागी ठेवते, आधीची पुसून. छपाई, फॅट, नोंद हे सगळं वेगळं चालतं आणि लागेल तेव्हा त्या जागेवरचा आकडा बघतं. रांग साचतच नाही.

त्याशिवाय, एक वजन घेतलं की काटा २०० ग्रॅमच्या खाली उतरल्याशिवाय दुसरं घ्यायचंच नाही. बादली रिकामी झाल्याशिवाय पुढच्याचं दूध नाही, हे दाजी हातानं पाळतातच, ते कोडात यायला एक महिना लागला. ५० ग्रॅम ठेवून बघितलं होतं, पण बादलीच्या तळाला आणि कडांना दूध राहतं, दर चौथ्या वेळी अडायचं.

आता झालेलं नुकसान. १ जुलैपासून ४ च्या सकाळपर्यंत सात वेळचं संकलन वहीविना झालेलं. लागोपाठच्या दोन सभासदांचं वजन शेवटच्या अंकापर्यंत सारखं अशा जोड्या काढल्या, ११ निघाल्या. प्रत्येकाचा मागच्या दहा दिवसांचा सरासरी आकडा शेजारी ठेवला. सात उघड चुकीच्या. चार योगायोगाच्या असाव्यात, पण मी पैजेवर सांगणार नाही. मामा आणि मी सातही घरी गेलो. कमी लागलेल्या तिघांचा फरक बिलात दिला. जास्त लागलेल्यांचं मामा म्हणाले सोडून दे, चूक आपली. आक्कांनी मात्र स्वतः कापून घ्यायला लावलं. "उद्या माझं कमी लागलं तर मी भांडायला यिन, तवा."

१५ जुलै

रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर उतरला, पहाटे पीसी नव्यानं सुरू झाला. पान म्हणतं काटा जुळला, फॅट मशीन सापडत नाही.

पोर्ट पहिल्यांदा निवडताना माणसानं बटण दाबून यादीतून निवडावा लागतो, पान आपोआप निवडू शकत नाही. एकदा दिलेली परवानगी नंतर टिकते असं मी धरलं होतं. एफटीडीआय केबलीला स्वतःचा सिरियल नंबर आहे, तिची टिकली. सीएच३४० ला तो नसतो, लिनक्सवर क्रोम तिला परत सुरू झाल्यावर ओळखत नाही. पहाटे साडेपाचला दाजी यादीत काय निवडणार?

क्रोमच्या व्यवस्थापन धोरणाची फाइल टाकली: इटीसी, ऑप्ट, क्रोम, पॉलिसीज, मॅनेज्ड या फोल्डरात, ‘सिरियल अलाउ ऑल पोर्ट्स फॉर यूआरएल्स’ आणि पुढं लोकलहोस्टचा पत्ता. आता विचारतच नाही. पीसीला तीनदा मुद्दाम बंद करून बघितलं.

२५ जुलै

पंचगंगा वाढतेय. बालिंग्याचा पूल बंद, मी शहरात, डेअरी पलीकडं. दोन वेळा टेम्पो आला नाही म्हणून संकलनच नव्हतं. आज सुरू झालं आणि मामांचा फोन: काट्यावर रेघा, फॅटच्या जागी कचरा.

काल पाणी आत येईल या भीतीनं त्यांनी सगळं उपसून माळ्यावर ठेवलं होतं. ४० मिनिटं फोनवर: ही वायर कुठं, ती कुठं, निळी कुठली, मामा म्हणतात दोन्ही काळ्याच हायत. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला. दोन्ही केबली एकमेकीच्या जागी. अदलाबदल केल्यावर लगेच चालू. रेघा आल्या म्हणून थांबले तरी, जुना आकडा दिसत राहिला असता तर तेवढ्यावर दूध घेतलं असतं.

पूल उघडल्यावर गेलो तो आधी रंगीत चिकटपट्टी घेऊन. काटा लाल, फॅट मशीन हिरवं, दोन्ही टोकांना.

३ ऑगस्ट

काट्यावरचं किलो-लिटरचं बटण कुणीतरी दाबलं. ओळीत एककच नसतं, नुसता आकडा येतो, त्यामुळं पानाला कळणं शक्य नाही. दहा लिटर दूध १०.३० दिसतं. तिसऱ्याच सभासदाला दाजींनी पकडलं, त्यांना आकड्यांचा वास येतो. उद्यमनगरातून बटणांवर बसणारं पत्र्याचं झाकण करून घेतलं, सीलला धक्का न लावता बाहेरनं अडकणारं. ६०० रुपये.

११ ऑगस्ट

१ ते १० चं बिल निघालं. दहा दिवसांची वही आणि पान, एका नोंदीचाही फरक नाही. वही बंद करू का, असं मामांनी विचारलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत चालू दे.

खर्च: सीएच३४० केबल दोन, ६४०. एफटीडीआय १,४५०. मल्टिमीटर ४५०. कनेक्टर १२०. शील्डेड वायर २२५. झाकण ६००. एकूण ३,४८५ रुपये. पहिली साधी वायर घरात पडलेली होती, पेट्रोल मी धरलेलं नाही. आठ दिवसांचे दहा आठवडे झाले.

राहिलेलं काम: कूलरची अर्थिंग. कंप्रेसर सुरू होताना अजून दिवसातनं एखादी ओळ मोडते, पान सावरतं, पण ते बरोबर नाही. वायरमन गणपतीनंतर येतो म्हणालाय.